डाव्या पायाची चौकशी

आमच्या घराण्यात आजवर कोणी खोटे बोललेले नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे, कारण मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो आणि माणूस किती प्रकारांनी खोटे बोलू शकतो हे रोज दहा ते सहा पाहतो. आमच्यात तो प्रकारच नाही. आमच्यात कोणी कोणाला काही विचारत नाही, त्यामुळे खोटे बोलायची वेळ येत नाही.

कप फुटला तर तो कोणाच्या हातून फुटला याची आमच्याकडे चर्चा होत नाही. दुसऱ्या दिवशी कपाटात जवळजवळ तसाच एक कप दिसतो. त्याच्या कडेची निळी रेघ जरा जाड असते. सगळे त्यातून चहा पितात आणि रेघेबद्दल बोलत नाहीत. ज्याने बिघडवले त्याने गुपचूप निस्तरायचे आणि बाकीच्यांनी निस्तरलेले दिसले तरी पाहायचे नाही, असा आमचा शिष्टाचार आहे. पाहुण्यांना आमचे घर फार शांत वाटते. ते शांत आहेच.

या घरात गाडी चालवणारी माणसे चार आणि गाडी एक. गाडी लहान आहे. मागे तिघे बसू शकतात, पण उतरेपर्यंत त्यांची एकमेकांशी चांगलीच ओळख झालेली असते. रंग राखाडी. विकत घेताना तो चंदेरी होता असे कागदपत्रांत म्हटले आहे.

चालकांमध्ये ज्येष्ठ म्हणजे बाबा. वजनमापे तपासणाऱ्या खात्यात त्यांनी तेहेतीस वर्षे दुकानदारांचे तराजू पाहिले. निवृत्त झाले तरी नजर गेली नाही. जेवायला बसले की वाढलेल्या भाताकडे ते असे बघतात की वाढणाऱ्याला परवाना दाखवावासा वाटतो. त्यानंतर माझी बायको, ती दातांची डॉक्टर आहे. मग मी. आणि सगळ्यांत नवी म्हणजे आत्या, बाबांची धाकटी बहीण. तिने आयुष्यभर शिवणशाळेत मुलींना शिकवले, लग्न केले नाही, आणि नोकरी संपल्यावर एक शिवणयंत्र व तीन ट्रंका घेऊन आमच्या वरच्या खोलीत राहायला आली.

आल्यानंतरचे पहिले वर्ष आत्याला जड गेले. तिच्या तीन मैत्रिणी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, आणि शनिवारी दुपारी चौघींनी मिळून पोहायला जायचे हा त्यांचा पंचवीस वर्षांचा रिवाज. आता जायचे तर कोणाला तरी "मला जरा सोडतोस का" म्हणावे लागणार. आत्याने हे वाक्य दोनदा म्हणून पाहिले. दोन्ही वेळा मी आनंदाने सोडले, आणि दोन्ही वेळा तो आनंद तिला दिसला. तिसऱ्या शनिवारी तिने सर्दी झाल्याचे सांगितले. ती सर्दी चार महिने टिकली.

मग एके दिवशी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. वय एकसष्ट. बाबा म्हणाले, "या वयात?" आत्या म्हणाली, "मागच्या वयात वेळ नव्हता." परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली. बाबा त्यांच्या काळात किती फटक्यांत झाले होते हे त्यांना कोणी विचारले नाही.

तेव्हापासून शनिवारी दुपारी चार ते साडेसहा गाडी आत्याची. मैत्रिणींना वाटेत घ्यायचे, तलावावर जायचे, ओल्या केसांनी परत सोडायचे. त्या तिघी मला नावांपेक्षा कामांनी जास्त ठाऊक आहेत: एक मुख्याध्यापिका, एक नर्स आणि एक नुसतीच उंच.

त्या शनिवारी पावणेपाच वाजता आत्याचा फोन आला.

"गाडी ओरडतेय आणि चालत नाहीये."

"म्हणजे कशी?"

"दादा बोलतो तशी. आवाज सगळा, हालचाल काही नाही."

"कुठे आहेस?"

"पुलाच्या चढावर. जळका वास येतोय. नर्स म्हणते केस जळल्यासारखा, मुख्याध्यापिका म्हणते रबर. त्या दोघींचं आता जुंपलंय. तू ये."

मी गेलो. गाडी चढाच्या मध्यावर कडेला उभी होती, चारही दिवे लुकलुकत होते, मागच्या चाकाला दगड लावलेला होता. चौघी कठड्यावर ओळीने बसून बिस्किटे खात होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर पोहण्याची पिशवी.

"आम्ही ढकलली जरा," उंच बाई म्हणाल्या. "पण सगळा चढच आहे."

"दगड मी लावला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या दगडाबद्दल कोणी काही बोलेल म्हणून त्या थांबल्या होत्या. मी म्हणालो, छान लागलाय.

आत्या खिडकीतून स्टिअरिंगकडे बघत होती, एखाद्या हुशार मुलीने पेपर कोरा दिल्यावर बघावे तशी.

गाडी दोर लावून गॅरेजमध्ये नेली. गॅरेज म्हणजे गादीवाल्याच्या आणि छापखान्याच्या मधली पत्र्याची शेड. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते लगेच कळावे. गिऱ्हाइकांसाठी कुठल्याशा मोठ्या गाडीची काढलेली सीट ठेवली होती. तिला सीटबेल्टही होता. मिस्त्री साठीच्या आतबाहेरचा, चष्म्याला दोरी बांधलेला, आणि गाडीशी जितका बोलतो त्याहून माणसांशी कमी बोलणारा. त्याने हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला.

"आता इंजिन बंद पडायला पाहिजे," तो म्हणाला.

इंजिन छान चालू राहिले.

"प्लेट गेली. इंजिन फिरतंय, चाकांना पत्ताच नाही. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. सोमवारी संध्याकाळी या, दाखवतो." चष्मा कपाळावर सरकवून तो पुढे म्हणाला, "बहुतेक कोणाचा तरी पाय क्लचवरच असतो. चालवताना ठेवून बसतात माणसं, पाटावर ठेवल्यासारखा. मग प्लेट घासत राहते, जळते."

हे वाक्य मी घरी आणून सांगितले, ही माझी चूक. पण बाबांनी "मिस्त्री काय म्हणाला" असे सरळ विचारले होते, आणि आमच्यात खोटे बोलत नाहीत.

रविवारी सकाळी चहानंतर बाबांनी बैठक बोलावली. निवृत्त झाल्यापासून ते घरातले कुठलेही काम बैठकीशिवाय होऊ देत नाहीत. पडद्यांचा रंगसुद्धा ठरावाने झाला आहे, तीन विरुद्ध एक. अध्यक्ष तेच, चिटणीस तेच, वहीही त्यांचीच. त्यांनी नवे पान उघडून वर तारीख घातली आणि खाली लिहिले: विषय, डावा पाय.

"आपण व्यक्तींबद्दल बोलत नाही आहोत," ते म्हणाले. "आपण पायाबद्दल बोलतोय."

मग पायांचा विचार सुरू झाला, आणि असे निघाले की आमच्या घरात एकही पाय संशयाच्या बाहेर नाही. बायकोच्या दवाखान्यात ड्रिल चालते ते पायाखालच्या पेडलवर. दिवसाचे सहा तास तिचा पाय पेडलवरच असतो. आत्याने चाळीस वर्षे शिवणयंत्राचे पायटे हलवले. मी ऑफिसात टेबलाखाली पाय हलवतो, आणि समोर बसलेल्या दावेदारांना वाटते की मी त्यांच्यावर चिडलोय. बाबांचा पाय तेवढा सरकारी होता, म्हणजे हलत नव्हता. पण एकाच जागी ठेवून बसण्याची सवय सर्वांत जास्त त्याच पायाला, असे बायकोने नम्रपणे मांडले. बाबांनी ते लिहून घेतले नाही.

"ठराव असा," बाबा म्हणाले. "ज्याच्या पायामुळे प्लेट जळाली असे सिद्ध होईल, त्याने आपली किल्ली परत करावी आणि इथून पुढे गाडी चालवू नये."

ज्याच्या, त्याने असे सगळे पुल्लिंगी बोलत असूनही ठराव कोणाविषयी आहे हे चौघांनाही समजले होते. आत्या पडद्याची उसवलेली कड शिवत होती. तिने दोरा दातांनी तोडला.

"दादा, सरळ माझं नाव घाल ना."

"मी कुठे म्हटलं तुझं?"

"गाडी माझ्या हातात बंद पडली म्हणून मीच बिघडवली, असं का? उद्या पेशंट डॉक्टरच्या हातात गेला तर डॉक्टरनंच मारला म्हणशील."

"आत्या, मी दातांची आहे," बायको म्हणाली. "माझ्या हातात कोणी जात नाही."

"तुझं नाही गं. उदाहरण दिलं." आत्याने सुई पडद्यात टोचून ठेवली. "ठीक आहे. ठराव मला मान्य. पण सिद्ध झालं पाहिजे. अंदाज नको. निघालाच माझा पाय, तर किल्ली मी आपणहून आणून देईन."

ठराव एकमताने संमत झाला. हात वर करताना माझा हात जरा उशिरा वर गेला, आणि त्याचे कारण इथे सांगणे भाग आहे.

दीड महिन्यापूर्वी ऑफिसच्या फाटकात माझ्या हातून गाडी दोनदा बंद पडली. पहारेकरी बघत होता. क्लच नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी लागत होता. माझ्याकडूनच काही बिघडले असणार असे मला वाटले, कारण आपल्याकडून बिघडले की असेच वाटते. फाटकासमोर झाडाखाली एक जण पंक्चर काढतो. त्याने बॉनेट उघडले, क्लचच्या वायरीचा नट पान्याने दोन फेरे आवळला आणि म्हणाला, "आता बघा, लोण्यासारखा." मी घरी आलो, किल्ली जागेवर ठेवली. कोणी काही विचारले नाही. आणि आता तर प्रश्न पायाचा होता, वायरीचा नव्हता. माझे दावेदार नेमके याच सुरात बोलतात: साहेब, तुम्ही ब्रेकचं विचारलंत, आरशाचं विचारलंच नाही.

दुपारी मी आत्याच्या खोलीत गेलो. ती यंत्रावर बसली होती. शिवत काहीच नव्हती, नुसते यंत्राला तेल देत होती.

"बाबांचं मनावर घेऊ नकोस," मी म्हणालो.

"दादाचं मी साठ वर्षांत मनावर घेतलेलं नाही. नाहीतर जगले असते का?" तिने तेलाचा थेंब पुसला. "मला पोहण्याचंही एवढं नाही रे. पाणी काय, बादलीतही असतं. पण चार वाजता उठावं, चप्पल घालावी आणि जावं. कोणाचं तोंड बघायला नको, आज याचा मूड आहे का, त्याचं काम आहे का. हे एवढंच मला फार उशिरा मिळालंय."

मी तेव्हाच वायरीचे सांगायला हवे होते. मी "बघू सोमवारी" असे म्हणून खाली आलो.

सोमवारी संध्याकाळी आम्ही चौघे भाड्याच्या गाडीने गॅरेजमध्ये गेलो. बाबांनी वही घेतली होती. आत्याने साडीऐवजी पोहायला जाताना घालते तो सलवार-कमीज घातला होता आणि पर्सचा बंद मुठीत धरला होता. पर्समध्ये तिची किल्ली होती. पुढे द्यायची वेळ आली तर ती शोधत बसायची नव्हती.

गिअरबॉक्स खाली जमिनीवर होता. मिस्त्रीने एक काळी, गोल, ताटाएवढी चकती उचलून पुसली आणि आम्हाला दाखवली.

"ही प्लेट. यावर दोन्ही बाजूंनी जाड अस्तर असतं. आता बघा, खिळे दिसायला लागलेत."

बाबांनी ती हातात घेतली, वजन केल्यासारखी तोलली. "हे पायामुळे?"

"तेच तर बघत होतो." मिस्त्री बॉनेटपाशी गेला. आम्ही त्याच्यामागे गेलो. त्याने बॅटरी मारली. "ही क्लचची वायर. हा नट. या वायरीला थोडी ढील लागते, आम्ही प्ले म्हणतो. पेडल दाबायला लागलं की आधी बोटभर मोकळं जायला पाहिजे, मग क्लच लागायला पाहिजे. आता ही गंजाची खूण बघा. नट आधी इथं होता. आता कुठं आहे? पार टोकाला. प्ले शून्य. पाय खाली जमिनीवर असला तरी क्लच अर्धा दाबलेलाच. चोवीस तास भूत पाय ठेवून बसल्यासारखं." बॅटरी बंद करून त्याने आम्हा चौघांकडे पाहिले. "वायर कोणी आवळली?"

आमच्या घराच्या इतिहासात असा प्रश्न इतक्या उघडपणे कोणी विचारला नव्हता.

"मी," बाबा म्हणाले.

"मी," बायको म्हणाली.

"मी," मी म्हणालो.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. इतकी नवी माहिती एकमेकांबद्दल एकदम मिळण्याची आम्हाला सवय नव्हती.

मिस्त्रीने चष्मा काढला. "एकेक बोला."

बाबा ज्येष्ठ म्हणून आधी बोलले. अडीच महिन्यांपूर्वी गिअर टाकताना कुरकुर ऐकू येऊ लागली. त्यांनी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढली, संबंधित पान वाचले आणि सकाळी सगळे झोपलेले असताना नट पाव फेरा आवळला.

"ते बरोबर होतं," मिस्त्री म्हणाला. "वायर जुनी झाली की ढिली पडते. पाव फेरा पुरे. तिथंच थांबायचं."

"पाहा," बाबा आमच्याकडे वळून म्हणाले.

"थांबलात?"

बाबा वहीच्या कव्हरकडे बघू लागले. "नंतर परत क्लच वेगळा लागायला लागला. म्हणून परत आवळला. मग पुन्हा एकदा. एकूण तीनदा."

"वेगळा लागणारच ना, बाबा," बायको म्हणाली. "तुम्ही पहिल्यांदा केलंत, त्यानंतर माझ्याकडून दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी बंद पडायला लागली. माझा पेशंट खिडकीतून बघत होता, तोंडात कापूस घेऊन. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. आमच्या खुर्च्या दुरुस्त करायला एक माणूस येतो, त्याला म्हटलं बघ जरा. त्यानं आवळलं."

"दाताच्या खुर्चीवाल्यानं?" मिस्त्री म्हणाला.

"त्याच्याकडे पाना होता."

मग मी माझे झाड, माझा पंक्चरवाला आणि माझे दोन फेरे सांगितले. एरवी हे काम मी दुसऱ्या बाजूला बसून करतो. इकडच्या बाजूची खुर्ची जास्त टणक असते असे माझ्या लक्षात आले.

असा सगळा प्रकार होता. एकाने वायर आवळायची, दुसऱ्याला क्लच अनोळखी लागायचा, तो आपलीच चूक समजून गुपचूप दुरुस्त करायचा, म्हणजे आणखी आवळायचा, की तिसऱ्याची पाळी. दोन महिने आम्ही तिघे एकमेकांच्या दुरुस्त्या दुरुस्त करत होतो, आणि घरात नेहमीप्रमाणे शांतता होती.

"एकमेकांना सांगत नाही का तुम्ही?" मिस्त्रीने विचारले.

याचे उत्तर लांबले असते.

मिस्त्री आत्याकडे वळला. "आणि मावशी, तुम्ही काय केलंत?"

"मी सीट मागे घेतली," आत्या म्हणाली.

"सीट?"

"दर शनिवारी बसलं की क्लच आधीपेक्षा जरा वर आलेला असायचा. म्हणजे पाय तेवढा जास्त वर उचलावा लागतो. म्हटलं, आता असाच असेल. मग मी सीट एक खाच मागे घ्यायची."

"ती सीट तू मागे घेत होतीस?" बाबा म्हणाले. सीट कोण मागे घेते हे ते दोन महिने मनात धरून होते आणि रोज न बोलता पुढे घेत होते.

"मी. यंत्राचा पट्टा फार ताणला की पुढे काय होतं ते मला कळतं, दादा. दोन शनिवारी वाटलं सांगावं. पण यंत्र माझं होतं. गाडी तुमची आहे."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. बायकोने तिचा हात धरला. बाबांनी खिशातून पेन काढले, टोपण काढले, काही न लिहिता टोपण परत लावले.

"पण पायाचं राहिलंच," आत्याच म्हणाली. "ठराव पायाचा आहे. वायर तुमची असली तरी माझा पाय क्लचवर नसतो हे कुठे सिद्ध झालंय?"

"असू दे आता," बाबा म्हणाले.

"असू दे नाही. एकमताने झालाय तो."

म्हणून बुधवारी, नवी प्लेट आणि नवी वायर बसल्यावर, मिस्त्रीने आम्हा चौघांना एकेक चक्कर मारायला लावली. छापखान्याला वळसा, चढ, चौक, परत. तो शेजारी बसून रस्त्याकडे बघतच नव्हता, फक्त खाली बघत होता. आधी आत्या गेली. ती सीटवर बसली, आरसा बघितला, सीट एक खाच पुढे घेतली. परत आल्यावर मिस्त्री उतरून म्हणाला, "मावशींचा पाय स्वच्छ आहे."

"स्वच्छ म्हणजे?" बाबांनी विचारले.

"काम झालं की खाली. गिअर बदलला की खाली. बाकीचे गावभर पाय वर घेऊन फिरतात."

बाकीचे म्हणजे आम्ही. बायकोचा पाय, मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे, सारखा टपून बसतो. माझा पाय पेडलवर ताल धरतो. बाबा परत आले तेव्हा मिस्त्री बराच वेळ हात पुसत होता.

"काका, चुकून उचलला असेल तुम्ही एकदोनदा," तो म्हणाला. "माझ्या तरी बघण्यात नाही आला."

त्या संध्याकाळची बैठक सर्वांत छोटी झाली. बाबांमध्ये दोष पुष्कळ आहेत, पण खोटा तराजू त्यांना सहन होत नाही. त्यांनी ठराव मोठ्याने वाचला, मग खिशातून आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "माणूस बघून ठराव बदलत नाही," ते म्हणाले. बायकोने तिची ठेवली. मी माझी ठेवली. तीन किल्ल्या आत्यापुढे सरकवण्यात आल्या, आणि ठरावाप्रमाणे घरात गाडी चालवण्यास पात्र अशी एकच व्यक्ती उरली.

आत्याला आनंद झाला. तो तिने लपवला नाही, आणि पहिले दोन दिवस तर तो पार फाटकापर्यंत ऐकू येत होता. गुरुवारी सकाळी आठला तिने बायकोला दवाखान्यात सोडले. नऊला परत, साडेनऊला मला ऑफिसात. पहारेकऱ्याने तिला सलाम केला, मला आजवर केला नव्हता. अकराला बाबांना वाचनालयात. साडेबाराला बाबांना आणायला, कारण पुस्तके जड होती. पाचला बायको, सहाला मी, आणि सातला बाबांच्या लक्षात आले की एक पुस्तक चुकीचे आणले.

बाबा पुढच्या सीटवर बसत. ते सूचना करत नसत, फक्त त्यांचा डावा पाय खाली मोकळ्या जागेत दाबला जाई आणि सुटे. "पाय खाली ठेव, दादा," आत्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणे. "ठेवला," असे म्हणून बाबा ठेवत. मी मागून पाहत असे. साठ वर्षांत हे दोघे इतका वेळ एकमेकांशेजारी बसले नसावेत. एकदा दवाखान्याच्या चौकात सिग्नल लागला असताना बाबा म्हणाले, "मी तिसऱ्यांदा पास झालो होतो."

"काय?"

"परीक्षा. गाडीची."

"मग?"

"काही नाही. सांगून ठेवलं."

सिग्नल सुटला. आत्याने गाडी काढली, एकही झटका न देता, आणि चौक ओलांडल्यावर म्हणाली, "शिकवीन तुला."

एक शनिवार आत्या तलावावर गेली आणि पाण्यात पडून राहिली. पोहली नाही, असे नर्सने मला नंतर सांगितले. तरंगत होती, डोळे मिटून, आणि कोणी हाक मारली तर "कुठे सोडायचंय?" म्हणत होती.

नवव्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर तिने तिन्ही किल्ल्या टेबलावर टाकल्या.

"घ्या."

"पण ठराव," बाबा म्हणाले.

"नवा लिही. प्रत्येकानं आपापल्या पायानं जावं. शनिवार माझा, त्यात कोणी काही आणायला सांगायचं नाही. गाडीला काही वेगळं वाटलं तर जेवताना बोलायचं, सगळ्यांदेखत. आणि त्या नटाला कोणी हात लावायचा नाही."

"कोणी लावला तर कळणार कसं?" बायको म्हणाली.

"मिस्त्रीनं त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय. मी सांगितलं होतं त्याला."

बाबांनी सगळे उतरून घेतले. शेवटी त्यांनी विचारले, "अनुमोदक कोण?" हा प्रश्न त्यांनी आत्याकडे बघून विचारला, मग स्वतःच म्हणाले, "मी," आणि लिहिले.

तेव्हापासून आमच्याकडे जेवताना बरेच बोलणे होते. पाहुण्यांना घर पूर्वीइतके शांत वाटत नाही. बाबा रविवारी सकाळी आत्याबरोबर रिकाम्या मैदानावर जातात आणि पाय खाली ठेवण्याचा सराव करतात. चौथ्या रविवारी दोन मिनिटे जमले.

महिन्याने नवी वायर तपासून घ्यायला मी गाडी गॅरेजमध्ये नेली. ठिपका जागेवर होता. मिस्त्रीने आमची जुनी प्लेट भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. घराचे एवढे सगळे जिच्यामुळे झाले ती ही, अशा अर्थाचे काहीतरी मी बोललो, आणि आम्ही वायर आवळली नसती तर ती अजून किती चालली असती असे विचारले.

"ही?" मिस्त्री म्हणाला. "ही कंपनीतून आलेली पहिलीच होती. या प्लेटा आठ वर्षं चालतात. तुमची अकरा चालली."